विंडोज टर्मिनल: मराठी आउटपुटला चालतं का?

सोलापुरी चादरींच्या स्टॉकची यादी पायथन या प्रोग्रामिंग भाषेने स्क्रीनवर काढायची, तर कमांड देण्याच्या जुन्या काळ्या खिडकीपेक्षा विंडोज टर्मिनल ही नवी खिडकी केव्हाही बरी. जुन्या खिडकीत 'चादर'च्या जागी नुसते चौकोन. दोष फॉन्टचा, एन्कोडिंगचा (अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीचा) नव्हे. टर्मिनलमध्ये अक्षरं दिसतात, रकाने मात्र जोडाक्षरांपाशी सरकतात.

खरी गोची कमांड प्रॉम्प्टमध्ये (मग तो टर्मिनलमध्ये उघडलेला का असेना) '>' लावून आउटपुट फाइलमध्ये वळवताना. पायथन ३.६ पासून स्क्रीनवर थेट युनिकोड (सगळ्या लिपी सामावणारं मानक) जातं. फाइलला मात्र सिस्टमचं एन्कोडिंग, बहुधा सीपी१२५२ हे रोमन लिपीसाठीचं जुनं एन्कोडिंग. त्यात देवनागरी नाहीच, म्हणून 'युनिकोडएन्कोडएरर'. ३.७ किंवा पुढची आवृत्ती असेल तर आधी 'पायथनयूटीएफ८' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्राम सुरू होताना वाचतो ती सिस्टमची सेटिंग) १ करा. त्याऐवजी पायथनची 'एरर्स' ही सेटिंग 'इग्नोर' ठेवलीत तर एररबरोबर मालाचं नावही गायब! एक्सेलसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) लिहिताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या.

विंडोज टर्मिनल फुकट आहे, घ्याच.