डिस्ने वर्ल्डचं ॲप आणि आमची दोनशे पानी वही: पाच महिने वापरल्यानंतर

जानेवारी २०२५ मध्ये मी ‘माय डिस्ने एक्स्पीरियन्स’ या ॲपवर खातं उघडलं. तेव्हापासून ५ जूनला ऑरलँडोहून परत निघेपर्यंत एकही दिवस असा गेला नाही की ते उघडलं नाही. जोडीला एक दोनशे पानी वही होती, कारण ॲपमध्ये बुकिंग राहतं, पण ते बुकिंग का केलं हे राहत नाही. हा अनुभव त्या दोन्हींचा आहे. कोथरूडमध्ये बसून फ्लोरिडातल्या राईड्स आणि जेवणं ठरवणाऱ्या घरांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही पाच जण. मी, नवरा, अकरा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची लेक आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. तिथे तिकिटाला आणि बुफेला दहा वर्षं पूर्ण झालेलं मूल मोठ्यांत धरतात, त्यामुळे मुलाचा खर्च पूर्ण माणसाचा. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. मधुमेहाच्या गोळीमुळे त्यांना साडेबाराला ताटावर बसावंच लागतं. ही एक गोष्ट आधी धरली आणि आमचं अख्खं नियोजन त्यातून निघालं.

इंटरनेटवर सगळे राईड्सपासून सुरुवात करायला सांगतात. मी उलट केलं. आधी जेवणं बसवली, मग त्यांच्याभोवती राईड्स. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असलं की दिवस मोडतो तो भुकेने आणि पायांनी. एखादी राईड हुकली तर अर्ध्या तासात विसरायला होते. पण एक वाजला, डोक्यावर ऊन, आणि टेबल कुठेच नाही, असं झालं की पुढचे तीन तास सगळेच गप्प. हे मी फेब्रुवारीत खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन तपासून पाहिलं. मुद्दाम पाचही जण गेलो. आई सलग किती चालतात, लेक किती वेळ रांगेत उभी राहते, हे वहीच्या पहिल्या पानावर आलं: आई चाळीस मिनिटं, लेक पंचवीस. पुढचा प्रत्येक निर्णय या दोन आकड्यांवर झाला.

आता नियम. डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक पार्क नाही, चार आहेत. मॅजिक किंगडम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, मग हॉलिवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. एकातून दुसऱ्यात जायला बस, मोनोरेल किंवा रोपवेसारखी स्कायलायनर लागते. म्हणून जेवणाचं टेबल ज्या पार्कात तो दिवस काढायचा तिथेच हवं, नाहीतर येण्याजाण्यात तास जातो. टेबलांचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसापासून ६० दिवस मागे मोजून पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं एकदम धरता येतात. आम्ही त्यासाठीच पॉप सेंच्युरी हे त्यांचं स्वस्तातलं हॉटेल घेतलं. राईड्सचा लाइटनिंग लेन मल्टी पास, म्हणजे पैसे भरून छोट्या रांगेतून आत जायचा पास, या हॉटेलांत राहणाऱ्यांना सात दिवस आधी मिळतो, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी. टेबलांची खिडकी तिथल्या सकाळी सहाला उघडते, राईड्सची सातला.

आमचा मुक्काम २९ मेपासून. साठ दिवस मागे मोजले तर तारीख आली ३० मार्च. गुढीपाडवा! साडेतीन मुहूर्तांतला एक, आणि मला तर वाटलं याहून चांगला दिवस मिळणार नाही. फेब्रुवारीत मी वहीत लिहून ठेवलं होतं: फरक साडेदहा तास, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेचार. पाडव्याला श्रीखंड-पुरीचं जेवण झालं, घरातले सगळे आडवे झाले आणि मी सव्वाचारला डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसले. साडेचार वाजता बघते तर खिडकी तासापूर्वीच उघडलेली. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात. ९ मार्चलाच फरक साडेनऊ तासांवर आला होता. खरी वेळ होती साडेतीन.

लेकीने पाच महिन्यांत एकच गोष्ट मागितली होती, सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवायचं. मॅजिक किंगडमच्या मधोमध तो किल्ला आहे आणि त्याच्या आत ‘सिंड्रेलाज रॉयल टेबल’ हे रेस्टॉरंट. पाच जणांचं टेबल आमच्या आठही दिवसांत कुठेच उरलं नव्हतं. मी तिला त्या दिवशी सांगितलं नाही. गुढी उतरवताना माझं लक्ष नव्हतं, हे आईंनी ओळखलं. “काय झालं गं?” म्हणाल्या. सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “लोक रद्द करत असतील ना? लग्नाच्या हॉलची तारीखसुद्धा अशीच मिळते.”

अगदी बरोबर होतं ते. बहुतेक रेस्टॉरंटांत टेबल दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. न सांगता गेलं नाही, तर माणशी १० डॉलर कापतात. किल्ल्यासारख्या ठिकाणी पैसे आधीच भरावे लागतात. त्यामुळे लोक आधी भरपूर धरून ठेवतात आणि प्रवास जवळ आला की सोडत जातात. मी एप्रिलभर रात्री भांडी आवरल्यावर दहा मिनिटं शोधायचे. शेवटी लक्षात आलं की पाच माणसं टाकली की काहीच दिसत नाही. एका रात्री दोन टाकली, आणि १ जूनला दुपारी १२:२० चं टेबल समोर आलं. दोघांचं. मी नवऱ्याला उठवलं नाही, विचारलंही नाही. आजी आणि नात अशी दोन नावं टाकून पैसे भरले. टेबल धरताना आहाराबद्दल लिहायला जागा असते, तिथे ‘शाकाहारी, अंडं नाही’ असं लिहिलं.

बाकीची टेबलं पाडव्याच्याच दिवशी जमली होती. उशिरा येऊनही. क्रिस्टल पॅलेस हा बुफे मला फार आवडला. समोर मांडलेलं डोळ्यांनी बघून घेता येतं, शेफला विचारता येतं, आणि कार्टूनमधलं अस्वल विनी द पू स्वतः टेबलाशी येतं. अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं ‘सना’ तर प्रत्येक मराठी कुटुंबाने धरावं असं. खिडकीबाहेर गवताळ रानात जिराफ आणि झेब्रे चरत असतात, आणि पाच प्रकारच्या भारतीय धर्तीच्या रोट्यांबरोबर नऊ तोंडीलावणी येतात. आईंनी चिंचेची चटणी दोनदा मागून घेतली आणि सहलीत पहिल्यांदा “पोट भरलं” म्हणाल्या. एरवी पार्कातल्या झटपट खाण्यासाठी मोबाइल ऑर्डर आहे. ॲपमध्ये वेळ निवडायची, पोचलात की ‘मी आलोय’ दाबायचं, ताट तयार. मेनूत वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाची खूण असते, ती बघून ऑर्डर द्यायची. एक मात्र सांगते, ही ऑर्डर भूक लागल्यावर देऊ नका. साडेबाराची वेळ सकाळी दहालाच निवडून ठेवा, कारण जेवणाच्या वेळेच्या खिडक्या भरत जातात.

घरचं खाणं आत नेता येतं, काचेची भांडी आणि गरम करावं लागेल असं काही नको. आमच्याकडे भाकरवडी, मेथीचे ठेपले आणि रव्याचे लाडू होते. अमेरिकेत उतरताना फॉर्मवर खाण्याचं सगळं जाहीर केलं आणि काही अडचण आली नाही.

राईड्सचं बुकिंग २२ मेला. या वेळी फरक तीनदा तपासला: सकाळचे सात म्हणजे आपले दुपारचे साडेचार. एका पार्कात पहिल्या तीन राईड्स आधी निवडता येतात. मॅजिक किंगडमसारख्या ठिकाणी त्यांचे दोन गट असतात, मागणी असलेल्या गटातली एक आणि दुसऱ्यातल्या दोन. सर्वांत जास्त गर्दीच्या राईड्स, उदाहरणार्थ सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन, या पासात येत नाहीत. त्यांचा सिंगल पास वेगळा घ्यावा लागतो. पासची किंमत दिवसाप्रमाणे आणि पार्काप्रमाणे बदलते. पहिला पास वापरला की चौथी राईड धरता येते, म्हणून पहिली वेळ शक्य तितकी सकाळची घ्यावी. पहिली राईड दुपारी दोनची घेतली, तर दोनपर्यंत हात बांधलेले.

त्या दिवशी पैसे भरताना माझं कार्ड नाकारलं गेलं. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार चालू केले होते, पण त्यांची दिवसाची मर्यादा वेगळी असते आणि ती मी वाढवलीच नव्हती. नवऱ्याचं कार्ड टाकेपर्यंत स्लिंकी डॉग डॅश या राईडची सकाळची वेळ गेली आणि दुपारी पावणेतीनची मिळाली. दोन कार्डं तयार ठेवा, दोन्हींची मर्यादा आदल्या दिवशी बघा. पाचही जणांची तिकिटं एकाच खात्याला महिनाभर आधी जोडून ठेवा, म्हणजे त्या क्षणी नावं टाइप करत बसावं लागत नाही.

पावणेतीनची वेळ आणि फ्लोरिडातला जून यांचं जमत नाही. दुपारी ढग भरून येतात आणि वीज कडाडली की उघड्यावरच्या राईड्स थांबवतात. आमची स्लिंकी तशीच थांबली. तेव्हा ॲपने आपोआप तो पास बदलून दुसऱ्या काही राईड्सवर चालेल असा करून दिला. आम्ही तो छपराखालच्या टॉय स्टोरी मेनियावर वापरला. तेव्हापासून माझा नियम: उघड्यावरच्या राईड्स अकराच्या आत, छपराखालच्या दुपारनंतर.

उंचीचं प्रकरण फार महत्त्वाचं. माइन ट्रेनला आणि स्लिंकीला ९७ सेंटिमीटर लागतात, ट्रॉनला १२२. अ‍ॅनिमल किंगडममधल्या फ्लाइट ऑफ पॅसेजला आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्टला ११२. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा आहेत: फेब्रुवारीत ११०, मेच्या शेवटी १११. लेक रोज सकाळी टाचा टेकवून उभी राहायची. एक सेंटिमीटर राहिलाच. फ्लाइट ऑफ पॅसेजच्या दारात मोजपट्टीखाली ती ताठ उभी राहिली, पट्टी आणि केस यांच्यामध्ये बोटभर फट दिसत होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही. अशा वेळी रायडर स्विच मागा. एक मोठा माणूस मुलाबरोबर बाहेर थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा रांग लावावी लागत नाही. याला पैसे पडत नाहीत. नवरा आणि मुलगा आत गेले तेव्हा मी तिच्याबरोबर होते, मी गेले तेव्हा तिने बाबाला लाडू भरवला. उंचीचं मुलाला घरीच खरं सांगून ठेवा, दारात जाऊन नको.

आणखी एक बारीक गोष्ट. मी सगळ्या बुकिंगच्या वेळा पुण्यातच फोनच्या कॅलेंडरमध्ये भरल्या होत्या. ऑरलँडोला उतरल्यावर फोनने स्थानिक वेळ घेतली आणि किल्ल्यातलं १२:२० चं जेवण पहाटे २:५० ला सरकलं. ॲपमध्ये वेळ बरोबर होती, वहीतही होती. वेळा भरताना तिथला टाइमझोन निवडा, नाहीतर कागदावर लिहा.

१ जूनला किल्ल्याच्या दारापर्यंत आम्ही सगळे गेलो. आई नऊवारी नेसल्या होत्या, हॉटेलातून निघतानाच. लेकीने निळा फ्रॉक घातलेला. आम्ही तिघं बाहेर मोबाइल ऑर्डरचं खात बसलो. तासाभराने दोघी आल्या. आईंनी वाढणाऱ्या मुलीला स्वतः इंग्रजीतून विचारून घेतलं होतं की सॉसमध्ये अंडं आहे का. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईला ते अवघड नव्हतं. सिंड्रेला टेबलाशी आली तेव्हा नातीने तिला आजी दाखवली आणि सिंड्रेलाने साडीचा काठ हातात घेऊन बघितला. फोटो आईंनी काढला, त्यात सिंड्रेलाचं अर्धं डोकं कापलंय. तो आता फ्रिजवर आहे.

चार पार्कांचे चार दिवस आणि मध्ये दोन दिवस हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर, ही वाटणी अगदी योग्य ठरली. मुलाला नुकतंच २२ मेला उघडलेलं युनिव्हर्सल या दुसऱ्या कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे पार्क हवं होतं. मी नाही म्हटलं, आणि तो निर्णय आजही बरोबर वाटतो. रोज तीन राईड्स आणि एक टेबल पक्कं, बाकी मोकळं. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सकाळी अर्धा तास आधी आत सोडतात. तो अर्धा तास मात्र आम्ही एकदाही सोडला नाही.

चिंचवडची माझी बहीण २०२५ च्याच दिवाळीच्या सुट्टीत जाणार होती, मुक्काम २५ ऑक्टोबरपासून. वही तिच्याकडे दिली. तिच्यासाठी पहिल्या पानावर लिहिलं: २६ ऑगस्ट, हरतालिका, दुपारी साडेतीनला टेबलं. फरक साडेनऊ तास, साडेदहा नाही. ऑक्टोबरात काही संध्याकाळी मॅजिक किंगडममध्ये हॅलोविनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते, तेव्हा बाकीच्यांसाठी पार्क लवकर बंद होतं, त्या तारखा टाळून रात्रीचं जेवण धर. राईड्स १८ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी, दुपारी साडेचार. दोन कार्डं. आणि पाच जणांचं मिळालं नाही तर दोन-तीन करून बघ.