‘दात वाचवू’ म्हणून चार दाढा घासल्या: ७७,५०० रुपयांच्या फसवणुकीचा अनुभव

दाढांमध्ये पूर्वी भरलेली चांदी काढून ज्यांना ‘बायोमिमेटिक’ (म्हणजे मूळ दात शक्य तेवढा राखून त्याची नैसर्गिक रचना जपणारे) उपचार करून घ्यायचे आहेत, त्यांनी पैसे भरण्यापूर्वी हे वाचावे. पुण्यातील एका दवाखान्याने या नावाखाली माझ्याकडून ७७,५०० रुपये घेतले आणि ज्या दाढा वाचवायच्या, त्याच चारही दाढा घासून त्यांचे खुंट करून ठेवले. आजच संपणारी सवलत, गोड बोलणारी समुपदेशक, पुढे सरकवलेला हप्त्यांचा अर्ज हे सगळे आपल्याला ठाऊक असते. त्यावर शब्द खर्च करत नाही.

मला सांगितलेले शास्त्र खोटे नव्हते, म्हणूनच मी विश्वास ठेवला. इनॅमल, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, एकदा गेले की शरीर ते पुन्हा तयार करत नाही. १९५५ साली दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी फॉस्फोरिक आम्लाने इनॅमलचा पृष्ठभाग खरखरीत केला, की त्यावर रेझिन (दातात भरायचे प्लास्टिकसारखे साहित्य) घट्ट चिकटते हे दाखवून दिले आणि पुढे केवळ पकड मिळावी म्हणून चांगला दात कापण्याची गरज कमी होत गेली. किडलेला भाग तेवढाच काढायचा, इनॅमलखालच्या थराची (डेंटिनची) उणीव कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनने, भरून काढायची आणि चावण्याच्या बाजूवर लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकचा ऑनले (दाढेचा फक्त वरचा भाग झाकणारा तुकडा) चिकटवायचा, असे मला व्हॉट्सॲपवर लेखी कळवले होते. एका दाढेचे १८,५०० रुपये, म्हणजे चार दाढांचे ७४,०००; शिवाय लगद्याऐवजी यंत्राने माप घेण्याचे, म्हणजे डिजिटल स्कॅनचे, ३,५००. मी ४०,००० रुपये यूपीआयने भरले आणि उरलेल्या ३७,५०० रुपयांचे कर्ज त्यांनीच एका वित्तसंस्थेकडून करून दिले.

खरे तर फसवणूक लक्षात यायला हवी होती माप घेताना. स्कॅनचे पैसे वेगळे घेतलेले असताना माझ्या तोंडात गुलाबी लगद्याने भरलेला ट्रे कोंबण्यात आला आणि विचारल्यावर “मशीन आज बंद आहे, फरक काही पडत नाही” असे उत्तर मिळाले. त्याआधी दात घासण्याचे यंत्र दाढेच्या केवळ वरून नव्हे, तर गालाच्या बाजूने, जिभेच्या बाजूने, हिरडीला खेटून चौफेर फिरत होते. ऑनलेसाठी दाढ अशी सगळीकडून घासत नाहीत. असे घासतात ते पूर्ण कॅपसाठी. पण जबडा बधिर, तोंड उघडे, डोळ्यांवर दिव्याचा झोत अशा अवस्थेत रुग्णाने डॉक्टरांचा हात कसा धरावा? चिकटवताना दाताभोवती रबर डॅमही (लाळ अडवणारा रबराचा पातळ पडदा) लावला नाही. लाळेचा ओलावा लागला की चिकटण्याची पकड बिघडते, हे त्यांच्याच माहितीपत्रकात छापलेले होते.

पुढे भाकरी खाताना एका दाढेचे सिरॅमिक उडाले आणि आतून करडा धातू दिसू लागला. दुसऱ्या दंतवैद्यांनी एक्स-रे काढला, तेव्हा चारही दाढांवर धातूच्या ठोस पांढऱ्या टोप्या आणि त्यांच्याखाली घासून बारीक केलेले दात स्पष्ट दिसले. बिल मागून घ्या आणि त्यावर दाताचा क्रमांक (३६, ४६ असा), ऑनले की कॅप आणि कोणते साहित्य हे लिहून घेतल्याशिवाय उरलेली रक्कम देऊ नका. माझ्या बिलावर फक्त ‘दंतोपचार’ एवढाच शब्द आहे.

यानंतर दाद मागायला गेले, तेव्हा खरा मनस्ताप सुरू झाला. पोलीस ठाण्यात सांगितले की हे दिवाणी प्रकरण आहे, ग्राहक मंचाकडे जा. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय मागितला. आणि ज्यांनी एक्स-रे दाखवून मला सगळे समजावले, त्या दंतवैद्यांनी “माझे नाव कुठे येऊ देऊ नका” म्हणून हात जोडले. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, पोच देताना कारकुनाने कुरकुर केली, दूरध्वनी कोणी उचलला नाही. दात माझे गेले, पैसे माझे गेले आणि पुरावाही मीच उभा करायचा, ही कसली व्यवस्था? वित्तसंस्थेचे म्हणणे तर असे की वाद दवाखान्याशी आहे, हप्ता थकला तर सिबिल खराब होईल. म्हणून सांगते, उपचारासाठी कर्ज दवाखान्याच्या टेबलावर बसून कधीही काढू नका. पैसे त्यांच्या खात्यात आधीच पोहोचतात आणि तुमच्या हातात अडवून धरायला काही उरत नाही.

उपचारापूर्वीचा एक्स-रे आणि घासल्यानंतरचा फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घ्या. ऑनले किंवा कॅप बनवणाऱ्या लॅबचे वॉरंटी कार्ड दाखवायला टाळाटाळ झाली तर खुर्चीवरून उठा. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केलेले आहे; त्यामुळे “डॉक्टरवर ग्राहक म्हणून तक्रार होत नाही” असे कोणी सांगितले तर ऐकू नका. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि दवाखान्याने “पुढच्या आठवड्यात बघू” म्हणत घालवलेला वेळही त्या मुदतीतच मोजला जातो. मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. त्याच दवाखान्यात ज्यांनी याच नावाने पैसे भरले असतील, त्यांनी आपली बिले आणि संदेश पुसून टाकू नयेत.