लेकरांना फळं तोडायला न्यायचंय: सीताफळाची बाग की पेरूची?

परदेशातल्या भावंडांची लेकरं ब्लूबेरीच्या शेतात बादल्या घेऊन फिरताना व्हिडिओ कॉलवर दिसतात आणि मग आपल्याकडची लेकरं हट्ट धरतात, आपणही अशा शेतात जाऊ. आपल्या मराठवाड्यात ब्लूबेरी येणं अवघड आहे. तिला ४.५ ते ५.५ सामूची (पीएच) आम्ल जमीन लागते आणि आपल्या काळ्या रानाचा सामू ७.५ ते ८.५ च्या घरात, शिवाय खाली चुनखडी. पण लेकरांचा हट्ट ब्लूबेरीचा असतोच कुठं? फळ आपल्या हातानं तोडायचं आणि तिथंच उभं राहून खायचं, एवढंच त्यांना हवं असतं. ते इथंही होतं.

स्ट्रॉबेरीचं नाव लगेच निघतं. लातूर-बीडकडून महाबळेश्वर एका दिवसात होत नाही, आणि स्ट्रॉबेरी घोट्याच्या उंचीवर लागते. आमच्या आईला तेवढं वाकवत नाही. जालन्याची मोसंबी चवीला उत्तम, पण तिचा देठ कात्रीनं कापावा लागतो, ओढलं की साल फाटते. लहान हातांचं ते काम नाही. म्हणून घरातल्या तीन पिढ्या सोबत न्यायच्या तर खरी निवड दोनच फळांत उरते: सीताफळ आणि पेरू. आम्ही दोन्ही केलं आहे.

आधी सीताफळाबद्दल, कारण बाहेर पडण्याचं खरं सुख त्यातच जास्त आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात बालाघाटचे डोंगर हिरवे असतात. अंबाजोगाई, धारूर, केज या पट्ट्यात सीताफळ बागेत आहे, बांधावर आहे आणि माळावर आपोआप उगवलेलंही आहे. शेळ्या त्याचा पाला खात नाहीत, म्हणून ते उघड्या माळावर टिकलं. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंबाजोगाईला तर सीताफळाचं स्वतंत्र संशोधन केंद्रच आहे, तिथूनच धारूर-६ ही जात आली. जमीन मुरमाड असल्यानं आदल्या रात्री पाऊस झाला तरी चपलेला चिखल लागत नाही. वारा असतो. झाडं बुटकी, सावली विरळ. जाता-येता योगेश्वरीचं दर्शन होतं, मुकुंदराजांच्या समाधीवर जाता येतं, त्यामुळं घरातली मोठी माणसंही खुशीनं गाडीत बसतात. एवढं सगळं पेरूच्या बागेत मिळत नाही, हे मी आधीच मान्य करतो. पेरूची बाग सपाट काळ्या रानात, ठिबकच्या नळ्या पायात येतात आणि बघायला फारसं काही नसतं.

तरी माझा कौल सीताफळाकडं जात नाही. त्याचं कारण एकच आहे आणि ते लेकरांशी जोडलेलं आहे.

सीताफळ तोडल्याबरोबर खाता येत नाही. झाडावर पूर्ण पिकू द्यावं तर ते तडकतं आणि पाखरं, खारी त्याला ठेवत नाहीत. म्हणून ते डोळे उघडले की तोडायचं असतं. दोन खवल्यांमधली खाच रुंद होते, तिथला हिरवा रंग जाऊन फिकट पिवळसर-पांढरी रेघ दिसू लागते, तेव्हा फळ तयार झालं. ते घरी नेऊन दोन ते चार दिवस ठेवलं की मऊ पडतं. आणि डोळे न उघडलेलं कोवळं फळ तोडलं तर ते पिकतच नाही, काळं पडून वाळतं. बागवानाला त्याची धास्ती असते आणि ती रास्तही आहे.

त्याचा परिणाम असा होतो की लेकरू हात पुढं करतं आणि मागून आवाज येतो, ‘ते नको, कोवळं आहे.’ दुसऱ्याला हात लावतं, तेही नको. हळूहळू तोडण्याचं काम गडी करतो आणि लेकरं दुरडी धरून त्याच्या मागं चालतात. आमच्या धाकटीनं शेवटी स्वतः एक फळ तोडलं, चांगलं डोळे उघडलेलं, दोन्ही हातांत धरून माझ्याकडं आणलं आणि फोडून मागितलं. परवा खाऊ म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. त्यानंतर बागेत तिचं लक्ष लागलं नाही. घरी आल्यावर अजून एक गोष्ट होते. एका दिवशी तोडलेली फळं बहुतेक एकदमच पिकतात. तिसऱ्या दिवशी सकाळी टोपलीभर सीताफळं मऊ होऊन बसलेली असतात, फ्रिजमध्ये ठेवली तर साल काळी पडते आणि मग शेजारीपाजारी वाटावी लागतात किंवा सगळ्यांनी बसून गर काढून बासुंदीत घालावा लागतो. बासुंदी छान होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्यासाठी लेकरांना नेलं होतं, ते बाजूलाच राहतं. झाडांवर पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड असली तर हात आणि कपडे पांढरे चिकट होतात, तेही लक्षात असू द्या. आणि बिया लेकरांना चुरू किंवा कुटू देऊ नका, त्यांची पूड डोळ्यात गेली तर इजा होते.

पेरूच्या बागेत हे काहीच नाही. झाडं छाटून खांद्याएवढी ठेवलेली असतात, सात-आठ वर्षांचं लेकरूही हात घालू शकतं. गडद हिरवा रंग जाऊन पोपटी छटा आली, वरची साल थोडी गुळगुळीत झाली की फळ खाण्याजोगं झालं. धरून जरा पिरगाळलं की हातात येतं. एखादं कच्चं तोडलं गेलं तरी वाया जात नाही, तिखट-मीठ लावून ते पण खाल्लं जातं. बागवान निर्धास्त असतो, त्यामुळं लेकरांना कोणी अडवत नाही. बऱ्याच बागांत फळाला फोमची जाळी आणि वरून पारदर्शक पिशवी घातलेली असते. ती काढण्यात लेकरांना भेटवस्तू उघडल्यासारखी मजा येते. रिकाम्या पिशव्या मात्र एका पोत्यात गोळा करायला त्यांनाच सांगा, रानात पसरू देऊ नका.

पेरूचा मुहूर्त मात्र सांभाळावा लागतो. पावसाळ्यातल्या बहराला जाऊ नका. त्या दिवसांत फळमाशीचा जोर असतो, वरून चांगला दिसणारा पेरू आतून अळीनं खाल्लेला निघतो आणि लेकरानं एकदा अळी बघितली की तो दिवस संपला. चवही पांचट असते. दिवाळीनंतर, थंडी पडू लागली की फळ घट्ट आणि गोड होतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा खरा काळ.

जात विचारून जा, असंही मी सुचवेन. हल्ली मोठ्या फळाच्या जाती बऱ्याच लावल्या आहेत. एकेक फळ अर्धा किलोपर्यंत जातं, चार-पाच तोडली की पिशवी भरली आणि दहा मिनिटांत कार्यक्रम आटोपला. त्यापेक्षा सरदार, म्हणजे लखनौ-४९ ची बाग मिळाली तर बघा. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या केंद्रात निवडलेली ही जुनी जात आहे, फळ मध्यम, गर पांढरा आणि मऊ. लेकरांना खूप वेळ तोडता येतं, खाताही येतं. आत गुलाबी निघणारा ललित असला तर त्यांना आणखी आवडतो.

एक गोष्ट पेरूच्या विरोधात आहे आणि ती लपवण्यासारखी नाही. तिथंच खायचं म्हणजे फवारणीचा प्रश्न येतो. सीताफळाची साल आपण खात नाही, पेरूची खातो. म्हणून निघण्याआधी मालकाला स्पष्ट विचारा की शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची. मोकळं उत्तर मिळालं नाही तर ती बाग सोडा. मिळालं तरी पाण्याचा कॅन सोबत ठेवा आणि धुतल्याशिवाय तोंडाला लावू देऊ नका.

घरात दात नसलेली किंवा कवळी बसवलेली मंडळी असतील, तर कदाचित तुमचं उत्तर वेगळं येईल. पेरूच्या बिया त्यांना त्रास देतात, सीताफळ चमच्यानं खाता येतं. लेकरं मोठी, पंधरा-सोळाची असतील तर त्यांना दोन दिवस थांबायचं काही वाटत नाही आणि बालाघाटची सहलही आवडते. तेव्हा सीताफळाला जरूर जा, फक्त अर्धी फळं पूर्ण डोळे उघडलेली आणि अर्धी नुकती उघडू लागलेली अशी मागून घ्या, म्हणजे ती टप्प्याटप्प्यानं पिकतील.

लेकरं दहाच्या आतली असतील तर मी पेरूच म्हणेन. आम्ही वेळ अमावस्येच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येच्या सणाच्या, आसपासचा दिवस धरतो. तेव्हा रानात जायची सगळ्यांचीच तयारी असते, आंबील-भज्जी सोबत असते, ऊनही सोसवतं. सकाळी दहाच्या आत पोहोचलेलं बरं, कारण बाजाराचा माल आधी तोडला गेला तर खालच्या फांद्या रिकाम्या झालेल्या असतात. मालकाला आदल्या दिवशी फोन करून एवढंच सांगा की लेकरं येणार आहेत, दोन-चार झाडांचा खालच्या फांद्यांवरचा माल ठेवा. दर वजनावर ठरवा आणि बागेत खाल्लेल्याचं वेगळं काय, तेही तेव्हाच विचारून घ्या.