गांडूळपेटी की भोकांचा ड्रम? नागपूरच्या चिमुकल्या अंगणासाठी

आमचं अंगण म्हणजे कंपाउंडची भिंत आणि जिना यांच्यामधली पट्टी. कढीपत्ता, लिंबू, थोडे गुलाब. एवढ्याशा जागेत घरचा ओला कचरा जिरवायचा तर निवड दोघांतच आहे. खड्डा मी धरतच नाही: आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते, खताऐवजी सडका चिखल होतो, आणि घुशी येतात त्या वेगळ्याच.

दोन्ही प्रकार घरी नांदवून झाले आहेत. नुसतं खत बघायचं तर गांडूळपेटी पुढे आहे, त्यात वाद नाही. चहापत्तीसारखं मोकळं, गुलाबांना मानवणारं. ड्रमचं खत भरड. चाळलं की बरंच चाळणीवर उरतं आणि पुन्हा आत जातं.

उन्हाळ्याची भीती सगळे घालतात, ती खोटी नाही. खताची गांडुळं (आयसेनिया फेटिडा, अंगणातली माती उकरून काढलेली इथे चालत नाहीत) ३५ अंशांच्या पुढे तग धरत नाहीत आणि मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो. तरी सावली आणि ओलं पोतं असेल तर निभावतं. कूलर भरायला रोज उठावंच लागतं, त्यात पेटीवर एक तांब्या जास्त.

मला नको झालं ते संत्र्याच्या सालींनी. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री, ती सरतात न सरतात तोच फेब्रुवारी-मार्चात मृग बहाराची. सालीतलं तेल आणि आंबटपणा गांडुळांना सोसत नाही; साली जास्त पडल्या की ती कडांवर चढून बसतात. म्हणून साली वेगळ्या, लिंबाच्या फोडी वेगळ्या, कांद्याची टरफलंही जपून. ओट्यापाशी दोन डबे ठेवले, तरी पाहुण्याने सोललेल्या संत्र्याची साल नेमकी पेटीच्या डब्यात. बायकोचं रोज एकच, "अहो, हे कशात?" शेवटी पोतंभर साली कचरागाडीतून भांडेवाडीच्या कचरा डेपोला जायला लागल्या. नागपुरात राहून सालीच वगळायच्या, तर एवढा खटाटोप कशाला मांडायचा?

ड्रमला हे सोवळं नाही. रंगाची २० लिटरची रिकामी बादलीही चालते. तळाला आणि अंगाला भोकं, खाली विटा, कचऱ्याच्या थरावर दुप्पट वाळका पाला, आणि आठवड्यातून एकदोनदा काठीने हलवणं. साली फाडून टाकायच्या. त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरते. धरू द्यावी, तीच त्यांना कुजवते. बाकी कचऱ्यापेक्षा सालींना वेळ लागतो, हे मात्र खरं.

ड्रमचाही त्रास आहेच. पाला कमी पडला की आंबूस वास आणि चिलटं, आणि पावसाळ्यात वाळका पाला मिळत नाही. फेब्रुवारी-मार्चात कडुनिंब झडतो, लोक तो पाला झाडून जाळतात. तेव्हाच पोती भरून जिन्याखाली टाकलेली बरी. संपलाच तर आरामशीनवरचा भुसा.

घरी संत्री बेताचीच येत असतील आणि मे महिन्यात घराला कुलूप लागत नसेल, तर बहुतेक पेटीच बरी पडेल. खतही सरस मिळेल. नाहीतर माझ्या मते ड्रम घ्या, पण एक नको, दोन घ्या. एक भरत असताना दुसरा पिकायला मोकळा राहतो.