दान आलेली पेटी की दान आलेला तबला?

बडोद्यात महाराज सयाजीरावांनी गायक मौलाबक्षांच्या हाताखाली १८८६ साली गायनशाळा काढली. त्या गावात मुलांचा गाण्याचा वर्ग काढायचा म्हटलं की दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांतून वाद्यं दान येतातच. माळ्यावरची आजोबांची पेटी, म्हणजे हार्मोनियम, किंवा कपड्यात गुंडाळलेला तबला-डग्गा.

आधी काय घ्यावं? माझं मत पेटीच्या बाजूनं. एका पेटीवर दहा-बारा मुलं गाऊ शकतात; तबल्याची जोडी एका वेळी एकाच मुलाची. शिवाय लहान मुलांचा सूर काळी चार-पाचच्या (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या) आसपास, आणि दान आलेला तबला बहुधा पुरुष गायकाच्या काळी एकचा, म्हणजे खालच्या सुराचा. हातोडीनं तो थोडासा चढतो, फार ताणला तर पुडी (वरचं चामडं) फाटते. पेटीवर मात्र दुसऱ्या पट्टीवरून 'सा' धरला की झालं.

पण पेटी बघून घ्या. भाता भरा, एकही पट्टी दाबू नका. हवा लगेच निघून गेली तर भात्याला भोक आहे, किंवा उंदरांनी आतलं चामडं कुरतडलंय. एखादा सूर आपोआप वाजत राहत असेल तर बहुतेक कचरा अडकलेला असतो, ते किरकोळ. बरेच सूर बेसूर असतील तर कारागिराचा खर्च आधी विचारा.

तबल्याचं सोपं, पुडी बदलता येते. आणि तो येईपर्यंत तीनतालाच्या १६ मात्रा (ठोके) मुलं टाळी-खालीनं, म्हणजे टाळी वाजवून आणि रिकामा हात हलवून, हातावर मोजू शकतात. सुराला असा पर्याय नाही.