पहिलटकरणींनो, सरकारी दवाखान्यात नाव घालाच! माझा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

पहिलंच बाळंतपण आहे आणि नेमकं कुणाचं ऐकायचं ते कळत नाहीये अशा सगळ्या पोरींसाठी लिहितेय. हा रिव्ह्यू आहे गावच्या पीएचसीचा, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात गरोदर बायांना जी सेवा मिळते तिचा. हॉटेलचे, पार्लरचे रिव्ह्यू ढीगभर असतात, याच्याबद्दल कुणी लिहीत नाही आणि मग शिकलेल्या, बरी परिस्थिती असलेल्या बायका तिकडं फिरकतच नाहीत, ते आपल्यासाठी नाही असं समजतात.

मी सोलापूर जिल्ह्यात असते, माहेर लांब नांदेडकडं. दिवस गेल्याचं कळलं तेव्हा घरात सल्ला द्यायला भरपूर जणी होत्या पण एकीचं दुसरीशी जुळत नव्हतं. एक म्हणते दोन जिवांचं खा, दुसरी म्हणते जास्त खाल्लं तर बाळ मोठं होऊन सिझर होईल. ग्रहणात सुरी हातात घेऊ नको, लोखंडाच्या गोळ्यांनी बाळ काळं होतं, असलं पण सगळं ऐकलं. मोबाईलवर एक ॲप घेतलं होतं, त्यात रोज ॲव्होकॅडो खा, ब्लूबेरी खा! आमच्याकडं कुठून आणायचं हो ते? तालुक्याच्या गावी खासगीत पण दाखवत होते, पण तिथं इतकी गर्दी की मनात चार प्रश्न घेऊन जायचं आणि एकसुद्धा न विचारता फाईल घेऊन बाहेर यायचं.

आमच्या आशाताई स्वतःहून घरी आल्या. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवायचं असतं म्हणून मागंच लागल्या. नाव घातलं की माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं, ते फार कामाचं आहे. वजन, बीपी, एचबी (म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन) सगळं त्यात लिहिलं जातं, धोक्याची लक्षणं चित्रं काढून दिलेली आहेत आणि पुढं बाळाच्या लसीपण त्याच कार्डावर चढतात. कमीत कमी चार तपासण्या होतात, धनुर्वाताचं इंजेक्शन (आता त्याला टीडी म्हणतात) महिन्याच्या अंतरानं दोन वेळा देतात, चौथ्या महिन्यापासून लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू. सगळं फुकट.

आता गोळ्यांचंच सांगते, कारण खरा फरक मला तिथं जाणवला. गोळ्या कुठंही मिळतात, खासगीतपण लिहून देतात. पण लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लोह आणि कॅल्शियम एका वेळी घ्यायचं नाही, जेवण झाल्यावर लिंबूपाणी किंवा आवळ्याबरोबर लोहाची घेतली तर अंगाला लागते, शी काळी होते त्याला घाबरायचं नाही, हे मला उपकेंद्रातल्या सिस्टरनं सांगितलं. नुसतं सांगून सोडलं नाही, पुढच्या वेळी आशाताईंनी घरी येऊन रिकामी पाकिटं बघितली! माझं एचबी दहाच्या खाली होतं (११ तरी पाहिजे असतं), ते सातव्या महिन्यापर्यंत चांगलं वर आलं. आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, ताईंनी समोर बसवून समजावलं की गोळीनं बाळ काळं होत नाही, पण आईला रक्त कमी असेल तर बाळंतपणात जिवावर बेतू शकतं. मी दहा वेळा सांगून जे पटलं नव्हतं ते त्यांचं ऐकून पटलं, आणि त्यानंतर आईच मला गोळीची आठवण करून द्यायला लागल्या. खाण्याचंपण तसंच. नाचणी, शेंगदाण्याचा लाडू, मेथी, मटकीची उसळ, रोज एक अंडं, म्हणजे आपल्या घरात जे होतं त्यातलंच सगळं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायांना त्या दिवशी डॉक्टर तपासतात. जोखीम नसेल तर कार्डावर हिरवा स्टिकर, असेल तर लाल. लाल बघून माझ्याबरोबरची एक पोरगी रडायलाच लागली होती, पण त्याचा अर्थ एवढाच की तुमच्यावर जास्त लक्ष ठेवणार आणि बाळंतपण कुठं करायचं ते आधीच ठरवणार. शुगरची टेस्टपण करून घ्या, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात, उपाशीपोटी जायची गरज नाही. १४० किंवा त्याच्या वर आलं तर शुगर आहे असं धरतात.

फोनवर किलकारी या सरकारी सेवेचे बोलके मेसेज येतात तेपण चांगले आहेत. महाराष्ट्रात २०२४ पासून आलंय. नाव नोंदवताना दिलेल्या नंबरवर चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक फोन येतो आणि तुमच्या त्या त्या आठवड्याप्रमाणं माहिती ऐकवतात. म्हणून नंबर स्वतःचा द्या, नवऱ्याचा देऊ नका, तो कामावर असतो आणि कंपनीचा फोन समजून कट करतो. मी स्पीकरवर लावायचे, मग घरातले सगळेच ऐकायचे.

एक स्टार का कापला ते पण सांगते. आमच्या केंद्रात ९ तारखेला बसायला बाकडी पुरत नाहीत, आठव्या महिन्याच्या बाया पायरीवर बसलेल्या असतात, आणि बाथरूमची अवस्था वाईट. गरोदर बाईला सारखी लघवीला लागते, निदान तिथं तरी चांगलं बाथरूम पाहिजेच पाहिजे. सोनोग्राफी तिथं होत नाही, बाहेर जावं लागतं, तो अर्धा दिवस मोडतो. आणि मनाचं कुणी विचारत नाही. मला रात्री झोप यायची नाही, कळांची भीती वाटायची, रडू यायचं, याच्यासाठी कार्डावर रकाना नाही. आशाताई माणूस म्हणून चांगल्या होत्या म्हणून त्यांच्याजवळ बोलता आलं, पण एवढ्या घरांचं काम एका बाईवर टाकलं तर ती कुणाकुणाजवळ किती बसणार? त्यांना मानधन वेळेवर आणि नीट मिळालं पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

खासगीत दाखवत असाल तरी इथं नाव घाला, दोन्ही चालतं, कुणी अडवत नाही. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये दोन हप्त्यांत येतात (आधी ३०००, मग बाळाच्या जन्माची नोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर २०००), त्याला अटी आहेत, त्या आशाताईंना नाहीतर अंगणवाडीत विचारा आणि बँक खातं आधारला जोडलेलं आहे का ते आधीच बघा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण केलं तर नॉर्मल असो की सिझर, औषधं, रक्त, जेवण, गाडी कशाचे पैसे द्यायचे नसतात. कुणी मागितले तर देऊ नका, १०४ या सरकारी आरोग्य हेल्पलाईनला फोन करा.

आणि डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, तोंडावर-हातावर सूज, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, घरातले काहीही म्हणू देत. १०२ आणि १०८ हे ॲम्ब्युलन्सचे दोन्ही नंबर फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आशाताईंचापण, आणि कार्ड नेहमी पर्समध्ये ठेवा. नववा लागल्यावर तर कार्डाबरोबर आधार, बँक पासबुक आणि बाळाचे धुतलेले सुती कपडे एका पिशवीत भरूनच ठेवा, आमची गाडी रात्री दोनला आली होती आणि शोधाशोध करायला वेळच नव्हता.