बी६५० मदरबोर्ड: वर्षभराच्या वापरानंतर, मुख्यतः बायॉसविषयी

मध्यम किमतीचा हा बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड मी लॅमिंग्टन रोडवरून आणला, त्याला आता वर्ष होत आले. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. बायॉस म्हणजे संगणक सुरू होताच चालणारी, बोर्डातच साठवलेली आज्ञावली. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीकडून येणाऱ्या एजेसा या मूळ फर्मवेअरवर प्रत्येक कंपनी आपापले मेनू चढवते, त्यामुळे खाली लिहिलेले दोष थोड्याफार फरकाने इतर बोर्डांवरही भेटू शकतात.

हार्डवेअरविषयी तक्रार नाही. माझ्या रायझन ५ ७६०० प्रोसेसरची मूळ वीजमर्यादा ८८ वॉटची असून तेवढा भार या बोर्डाचे व्हीआरएम (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणारे सर्किट) सहज पेलते. सोळा-सोळा जीबीच्या दोन डीडीआर५ पट्ट्या बसवून एक्स्पो प्रोफाइल (मेमरीला तिच्या जाहीर वेगावर चालवणारी तयार सेटिंगे) सुरू केले, तेव्हा मेमरी ट्रेनिंगच्या वेळी, म्हणजे बोर्ड मेमरीशी जुळवून घेत असताना, रॅमचा पिवळा दिवा काही मिनिटे तसाच जळत राहिला आणि पडदा काळाच होता. हे अपेक्षित असते, हे ठाऊक नसलेला माणूस त्याच संध्याकाळी बोर्ड परत करायला निघेल. त्यानंतरचे काही महिने मात्र निर्वेध गेले.

मग बायॉसची नवी आवृत्ती आली. माहितीपत्रकात ‘स्थैर्यात सुधारणा’ एवढेच लिहिले होते. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, म्हणून तो वार टाळून, संगणक यूपीएसवर ठेवून मी ती चढवली. दोन दिवसांतच गेम अडखळू लागले. बायॉसच्या पहिल्याच पानावर मेमरीचा वेग ठळक अक्षरांत ६००० दिसत होता, त्यामुळे माझा संशय ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला आणि एक अख्खा रविवार त्यात वाया गेला.

खरा प्रकार झेनटायमिंग्ज या छोट्या प्रोग्रॅमने उघड केला. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणजे ६००० या आकड्यामागचे प्रत्यक्ष घड्याळ ३००० मेगाहर्ट्झचे असते, आणि या वेगाला मेमरी कंट्रोलरही ३००० वरच चालणे अपेक्षित असते. माझ्या पडद्यावर एमसीएलके (मेमरीचे घड्याळ) ३००० होता, पण यूसीएलके (मेमरी कंट्रोलरचे घड्याळ) १५००. नव्या आवृत्तीतील ‘ऑटो’ने कंट्रोलरला निम्म्या वेगावर बसवले होते. आधी ७२ नॅनोसेकंदांच्या आसपास असलेला मेमरीचा विलंब ८५ वर गेला होता. म्हणजे पडद्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो फक्त निम्मी हकीकत सांगत होता.

दुसरा दोष अधिक चिडवणारा निघाला. कर्व्ह ऑप्टिमायझर ही प्रोसेसरच्या कोअरना मिळणारे व्होल्टेज उणे आकडा देऊन कमी करण्याची सोय या बायॉसमध्ये दोन ठिकाणी आहे: एकदा कंपनीच्या स्वतःच्या ओव्हरक्लॉकिंग मेनूत आणि एकदा इशारा मान्य केल्यावर उघडणाऱ्या एएमडीच्या मेनूत. मी पहिल्या ठिकाणी सर्व कोअरना उणे २० दिले होते आणि जुन्या आवृत्तीत ते लागूही होत असे. अपडेटनंतर एफ१० दाबल्यावर बदलांच्या यादीत उणे २० नीट दिसायचे, परंतु सिनेबेंच ही प्रोसेसरची वेगचाचणी चालवली की तापमान आणि गुण दोन्ही मूळ पदावर. तेच मूल्य एएमडीच्या मेनूत भरल्यावर तापमान लगेच पाच-सहा अंशांनी उतरले. कोणता मेनू कोणावर मात करतो, याचा उल्लेख सोबतच्या पुस्तिकेत कुठेही नाही.

येथे माझ्याही पदरात थोडा दोष टाकायला हवा. अपडेटनंतर सर्व सेटिंगे पुन्हा भरण्याचा कंटाळा करून मी जुन्या आवृत्तीत जपून ठेवलेले प्रोफाइल पेन ड्राइव्हवरून थेट चढवले होते. पुढे वीज काढून, ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला सेल नखाने उचकटून सीमॉस (बायॉसची सेटिंगे जपणारी मेमरी) साफ केला आणि एकेक सेटिंग हाताने भरून प्रत्येक वेळी तपासले, तेव्हा स्लीपमधून उठताना संगणक गोठण्याची तिसरी तक्रार आपोआप नाहीशी झाली. ती या शिळ्या प्रोफाइलचीच करणी होती, असे मी धरून चालतो. यूसीएलके आणि दुहेरी मेनूचे दोष मात्र स्वच्छ सुरुवातीनंतरही जसेच्या तसे राहिले. आणखी एक गोष्ट बोर्डाच्या माथी मारता येणार नाही: एकेक कोअर पाळीपाळीने तपासणाऱ्या कोअरसायक्लरच्या रात्रभराच्या चाचणीत एक कोअर उणे २० वर चुकत होता. त्याला उणे १५ वर आणल्यावर तो शांत झाला. ती माझ्या चिपचीच मर्यादा होती.

जुन्या आवृत्तीवर परतणे हा उपाय आहे, पण किती मागे जायचे याला मर्यादा आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७ ७८००एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या घटना पुढे आल्या, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांना मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्यापूर्वीचे बायॉस केवळ वेगासाठी चढवणे शहाणपणाचे नाही. मी एकच पायरी मागे आलो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ करून फाइलला पुस्तिकेतले नाव दिले आणि मागच्या बाजूचे, बायॉस थेट पेन ड्राइव्हवरून चढवणारे फ्लॅशबॅकचे बटण दाबले. काम विनासायास झाले. ही सोय या किमतीत मिळते, हे बोर्डाचे मोठे बलस्थान आहे.

ग्राहकसेवेला पाच गुणांपैकी दीड गुण देतो. झेनटायमिंग्जचे दोन्ही स्क्रीनशॉट जोडून पाठवलेल्या पत्राला तीन दिवसांनी उत्तर आले, ते ‘विंडोज पुन्हा टाकून पाहावे’ असे. दोन महिन्यांनी आलेल्या आवृत्तीत यूसीएलकेचा दोष गुपचूप दुरुस्त झालेला आढळला. माहितीपत्रकात पुन्हा तेच ‘स्थैर्यात सुधारणा’.

एक्स्पो सुरू करून बाकी कशालाही हात न लावणाऱ्याने हा बोर्ड जरूर घ्यावा, मात्र प्रत्येक अपडेटनंतर यूसीएलके एकदा पाहावा. व्होल्टेज आणि कर्व्हशी रोज खेळणाऱ्याने थोडे अधिक पैसे घालून दुसरा पर्याय शोधलेला बरा, कारण दुहेरी मेनूचा घोळ आजही कायम आहे. माझ्या मोबाइलमध्ये घरच्या गणपतीच्या फोटोंना लागून बायॉसच्या पानांचे सतरा फोटो आहेत, आणि पुढची आवृत्ती त्यांच्याकडे पाहत हातानेच भरायची आहे.